टोब्रुक हाउसमधला चहा

९ जानेवारी २०२४

हॅरिएटने ख्रिसमसला ही डायरी दिली. चामड्याचं कव्हर, सोनेरी कडा. म्हणाली, "मालविका, रोज लिहू नकोस, पण लिहिशील तेव्हा खरं लिही." बॉसने दिलेली डायरी म्हणजे होमवर्कच की! म्हणून मी मराठीत लिहिणार. ऑफिसात कुणाला वाचता येत नाही, माझ्या लेकीला, सान्वीला, मराठीत स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, आणि नवरा, समर, तर माझे व्हॉट्सॲपसुद्धा अर्धे वाचतो. तेव्हा बिनधास्त.

तर खरं असं की मला टोब्रुक इस्टेट नावाच्या वसाहतीचं काम मिळालं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बॉम्बनी इथल्या गल्ल्या सपाट झाल्या. मग कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, बेघर झालेल्यांसाठी हे फ्लॅट बांधले आणि वाळवंटातल्या कुठल्याशा लढाईचं नाव दिलं. आता भिंतींना ओल, लिफ्ट बंद, जिन्यात वास. आमची कंपनी कौन्सिलबरोबर हे सगळं पाडून टॉवर्स बांधणार आहे. पण आधी तिथल्या भाडेकरूंचं मत घ्यावं लागतं. ते हो म्हणाले तरच पाडायचं. त्यांच्याकडून हो वदवून घ्यायचं ते माझं काम, आणि त्याला एंगेजमेंट म्हणतात.

मलाच का दिलं? तर टोब्रुक हाउस नावाच्या बिल्डिंगमध्ये बरीच मराठी घरं आहेत. सगळी बौद्ध, नागपूरकडची, पन्नासेक वर्षांपूर्वी आलेली. हॅरिएटच्या मते ती "माझी माणसं" आहेत. कर्म माझं! आमच्या पिनरच्या घरून तिथे गाडीने जायला अर्धा तास लागतो, बाकी अंतराचं तिला काय सांगणार.

१७ जानेवारी

आज भीमराव मेश्राम यांच्याकडे गेले. टोब्रुक हाउसमध्ये ह्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही, असं कळलं होतं. रिटायर्ड बस ड्रायव्हर, पंचाहत्तरीच्या पुढचे, बायको वारलेली. दार उघडून "जय भीम" म्हणाले. मी नमस्कार म्हटलं. घर लख्ख, हे कबूल केलं पाहिजे. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली बुद्ध, शेजारी बायकोचा फोटो.

नाव विचारलं. मालविका म्हटलं. "आडनाव?" आगाशे म्हटल्यावर हसले. "कोकणातले का?" हो, मूळ कोकणातले, मग पुण्याचे. म्हाताऱ्यांना आडनावाशिवाय चैन पडत नाही.

चहा आणला. निळ्या काठाचा नाजूक कप, बशीसकट. बायकोचा पाहुण्यांसाठीचा सेट, म्हणाले. मी म्हटलं, काका, मला ॲसिडिटी आहे, आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. थोड्या वेळाने त्यांनी कप उचलून आत नेला आणि सिंकमध्ये ओतल्याचा आवाज आला. ॲसिडिटी वगैरे काही नाही मला. पण कुठेही काय चहा प्यायचा!

त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर आहे. तळमजल्यावर एक कम्युनिटी रूम आहे. दर रविवारी तिथे ह्यांची वंदना होते, जयंती होते, कुणाचं लग्न, कुणाची शोकसभा, सगळं तिथेच. "घर कुठंही द्या हो, माणूस कुठंही झोपते. पण हॉल गेला तर आम्ही फुटलो. हॉल राहणार का तेवढं सांगा." मी म्हटलं, आम्ही सगळे ऑप्शन्स पाहतोय. असं म्हटलं की माणसं गप्प बसतात. ह्यांनी तोच प्रश्न परत विचारला.

३१ जानेवारी

तिसरी फेरी. फुकट. मेश्रामकाका ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि शेवटी "विचार करू." आता तर चहाही विचारत नाहीत. मॅनर्स म्हणून काही असतात की नाही?

बरोबर द्रौपदीबाई होत्या, शेजारच्या. पूर्वी हॉस्पिटलात क्लीनर, आता गुडघे गेलेत पण जीभ शाबूत. मी नकाशा पसरला तर म्हणतात, "चित्रात झाडं लय लावली तुमी. आमी कुठं हाओत त्यात?" चित्रात कॉफीचा कप घेतलेली एक गोरी मुलगी आणि एक कुत्रा आहे. मी म्हटलं, मावशी, ते फक्त इलस्ट्रेशन आहे. "मंग कुत्र्याचं घर पक्कं दिसते," म्हणाल्या. आगाऊपणा नुसता.

८ फेब्रुवारी

इस्टेटवर प्रदर्शन लावलं. पहिल्या बोर्डवर बॉम्बने पडलेल्या घरांचा फोटो, मग फ्लॅट्सच्या उद्घाटनाचा, मग आमचा टॉवर. "पुन्हा एकदा उभारू" अशी लाइन माझी. हॅरिएट खूश. तेवढ्यात डोरीन नावाची नव्वदीची गोरी बाई वॉकर ढकलत आली. तिचं लहानपणचं घर बॉम्बने गेलेलं, मग तिच्या आईला इथला फ्लॅट मिळाला. सगळे बोर्ड नीट वाचले आणि मोठ्याने म्हणाली, "जर्मनांचं एक बरं होतं. ते आमच्याकडे मत मागायला आले नाहीत."

सगळे हसले. मीही हसले, न हसून करते काय.

नंतर हॅरिएटने मला गाडीत विचारलं, मेश्राम का हलत नाही? त्यांच्या घरी काय काय होतं ते सांग. मी सांगितलं. ती म्हणाली, "तू त्यांच्या घरी चहा घेत नाहीस? मालविका! एंगेजमेंटचा पहिला नियम आहे हा. दिला तो चहा प्यायचा." आता हिने मला माझ्या लोकांबद्दल शिकवायचं. पण नियम तर नियम.

१३ फेब्रुवारी

झालं! आज मीच म्हटलं, "काका, आज चहा पाजा की." ते एकदम उभे राहिले. तोच निळ्या काठाचा कप. साखर इतकी की चमचा उभा राहील. मी डोळे मिटून पूर्ण प्यायले. आणि ऑफिसच्या सवयीने उठून कप नळाखाली विसळून ठेवला. वळून बघते तर हे किचनच्या दारात उभे आणि डोळ्यांत पाणी!

म्हणाले, "आगाशेबाई, तुम्ही आमच्या घरी चहा घेतला." आता ह्यात रडण्यासारखं काय आहे? मग गावाकडचं सांगत बसले. त्यांच्या वडिलांना पलटणीतून परत आल्यावरही हॉटेलात चहा बाहेरच मिळायचा, कान तुटलेल्या कपात, आणि तो आपणच विसळून बाहेरच पालथा ठेवायचा. वडील ह्याच टोब्रुकच्या लढाईत खेचरं सांभाळायला होते म्हणे. ही माहिती मात्र सोन्यासारखी. ब्रोशरमध्ये घालणार.

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. हॉल राहणार का? हॅरिएटने सांगितलेलं उत्तर "शक्यता तपासू" असं आहे. पण लोखंड गरम होतं. मी म्हटलं, "होणार काका. आत्तापेक्षा मोठा होणार. माझा शब्द."

बोलून गेले. गाडीत बसल्यावर वाटलं, जरा जास्तच बोलले का? पण मनापासून बोलले होते, आणि नकाशात तिथे कम्युनिटी स्पेस असं खरंच लिहिलंय. घरी येऊन आधी गुळण्या केल्या. तोंड चिकट झालं होतं, इतका गोड.

२५ फेब्रुवारी

रविवार असून गेले, काकांनी बोलावलं म्हणून. वंदना झाली, मग ते बोलायला उभे राहिले. सूट, निळा टाय. म्हणाले, "आगाशेबाई आपल्या घरात बसून चहा प्यायल्या. आपल्या हातानं कप विसळला. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं. असा माणूस खोटं बोलणार नाही. हॉलचा त्यांनी शब्द दिला आहे. माझं मत हो."

द्रौपदीबाई मागून म्हणाल्या, "भाऊ, चहा पेल्ली म्हून घर द्याचं का?"

त्यावर काका एवढंच म्हणाले, "चहा म्हणजे काय ते तुला सांगू का द्रौपदी?" मला तर हा सगळा चहाचा विषय बालिश वाटतो. पण आपल्याला काय, काम झाल्याशी मतलब.

१२ मार्च

मतपत्रिका घरोघर गेल्या. काका ती टाकायला परत सूट-टायमध्ये निघाले. लाल पोस्टपेटीपर्यंत जायचं तर एवढा थाट! म्हणे, मत द्यायला मी असाच जातो, बाबासाहेबांनी दिलंय ते. फोटोग्राफर तयारच होता. सुंदर फोटो आलाय. त्यानंतर काका दारोदार फिरले, गुडघ्यांवर हात ठेवत जिने चढत होते. लिफ्ट बंदच आहे.

४ एप्रिल

जिंकलो! अगदी काठावर, पण जिंकलो. टोब्रुक हाउसने वाचवलं. मराठी घरं एकगठ्ठा हो. हॅरिएटने प्रोसेको उघडली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की हा विजय मालविकाचा. समरला फोन केला तर म्हणाला, मग लॉफ्टचं काम काढूया का आता? वरती सान्वीला मोठी खोली होईल, एन-सूट बाथरूमसकट.

१४ एप्रिल

जयंतीचं आमंत्रण होतं. जाणार होते, पण ब्रंच होता. काकांना फुलांचा इमोजी पाठवला.

२० जून

आमच्या कंपनीने आकडे परत मांडले. हॉलच्या जागी जिम आणि रेसिडेंट्स लाउंज, तेही विकायच्या फ्लॅट्सच्या बाजूला. कौन्सिलच्या भाडेकरूंची दारं मागच्या गल्लीतून, विकत घेणाऱ्यांची पुढून. हॅरिएट म्हणाली, सर्व्हिस चार्ज वेगळा म्हणून दार वेगळं, ह्यात भेदभाव काही नाही. बरोबरच आहे.

मी हॉलचं विचारलं, नाही असं नाही. ती म्हणाली, आपण शब्द कुठे दिला होता? मी वहीत "जिम" लिहून घेतलं. काकांना दिलेला शब्द आठवला, खोटं कशाला लिहू. पण एकटी मी काय करणार? घरोघर पत्रक जाईलच, त्यातून कळेल त्यांना.

२ जुलै

नाइलाजाने काकांकडे गेले. पत्रक टेबलावर होतं. वाटलं, आता तोंडावर मारणार. तर उलटंच! "इथं जिम लिहिलंय. द्रौपदी म्हणते आगाशेबाईंनी फसवलं. मी म्हटलं, छापणाऱ्याला काय माहीत? त्यांनी मला स्वतः शब्द दिला आहे. खरं ना?"

मी म्हटलं, "बघते मी काका." ह्याला खोटं म्हणत नाहीत. बघणार तर आहेच.

पण तिथे एक गोष्ट दिसली आणि माझं डोकंच फिरलं. तो निळ्या काठाचा कप शोकेसमध्ये ठेवलाय, बाबासाहेबांच्या फोटोखाली, एकटाच. बाकीचा सेट किचनमध्ये. मला चहा दिला तो दुसऱ्या कपात. मी विचारलं तर म्हणाले, "तो आता कुणालाच देत नाही. तुमचा आहे तो." म्हणजे माझा कप वेगळा काढून ठेवलाय! मी काय कामवाली आहे? एवढं ह्यांच्यासाठी राबले, आणि माझ्या उष्ट्याचा विटाळ? घरी येईपर्यंत धुमसत होते. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, ह्या लोकांच्या मनातून जातच नाही ते."

१८ सप्टेंबर

टोब्रुक हाउस रिकामं होतंय. ज्यांना बरोमध्ये, म्हणजे ह्याच कौन्सिलच्या हद्दीत, जागा मिळाली त्यांना मिळाली, बाकीचे लांब. द्रौपदीबाई स्लाऊला लेकीकडे गेल्या, बाहेरच्या खोलीत. त्या जाताना मी मदतीला उभी होते. काका जिन्यात "जय भीम, द्रौपदी" म्हणाले. ती बाई त्यांच्या अंगावरून तशीच खाली उतरली. पाठोपाठ तिचा जावई, त्यानेही मान फिरवली.

मी विचारलं, हे काय? काका म्हणाले, "काही नाही. राग आहे. हॉल उभा राहिला की जाईल."

नंतर व्हॅनपाशी द्रौपदीबाई मला म्हणाल्या, "त्यानं आमाले हो म्हणाले लावलं आन् अजूनबी तुमचीच बाजू घेते. आता आमच्यातलं कोणी त्याच्याशी बोलत नाही. रविवारी हॉलात तो एकटाच बसते, मेणबत्ती लावून." इतकी वर्षं एकत्र राहून हे! आपल्या लोकांचं हेच वाईट. एकी म्हणून नाही.

२१ ऑक्टोबर

लॉफ्टचं काम सुरू. घरभर धूळ. आईंनी बिल्डर लोकांसाठी वेगळे कप काढून गॅरेजमध्ये ठेवलेत, किटलीही तिथेच. सान्वी शाळेतून आली आणि सुरू झाली, "आजी, त्यांची कप वेगळा का आहे? हे बरोबर नाहीये." आई म्हणाल्या, "अगं सिमेंटचे हात त्यांचे." मीही समजावलं, ही नुसती हायजीन आहे. सोळाव्या वर्षी सगळ्यांनाच जगाचा न्याय करायचा असतो.

९ डिसेंबर

काकांना वन-बेडरूमची ऑफर आहे, समुद्राकाठच्या एका गावात, ट्रेनने अडीच तास. बरोमध्ये सध्या वन-बेड नाही. तिथे मराठी सोडाच, देशी माणूस शोधावं लागेल. नाही म्हणायचा हक्क आहे त्यांना, थांबले तर कदाचित जवळ मिळेलही. मी हे सांगायला हवं होतं. पण बिल्डिंग जानेवारीत रिकामी द्यायची आहे आणि ते एकटेच उरलेत.

त्यांनीच मला विचारलं, "आगाशेबाई, तुम्ही काय म्हणता? घेऊ का?"

मी म्हटलं, "हवा छान आहे तिथली."

"मग घेतो. हॉल होईपर्यंतच तर काढायचे दिवस. परत यायचा हक्क आहे ना?" आहे, कागदावर आहे. बाहेर पडले तेव्हा खालच्या रूममध्ये डोकावले. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. रविवारसाठी आधीच मांडून ठेवतात म्हणे.

कसंतरीच झालं. मग वाटेत सान्वीसाठी पडदे घेतले.

२३ जानेवारी २०२५

आमचा प्रोजेक्ट एका अवॉर्डसाठी शॉर्टलिस्ट झालाय, "भाडेकरूंचा विश्वास" ह्या गटात! आज त्याचं प्रेझेंटेशन दिलं. पहिल्या स्लाइडवर काकांचा पोस्टपेटीपुढचा फोटो, सूट आणि निळा टाय. खाली त्यांच्या वडिलांची टोब्रुकची गोष्ट. केंब्रिजच्या माझ्या जुन्या प्रोफेसरबाई प्रेक्षकांत होत्या, त्यांचे डोळे भरून आले. हॅरिएटने विचारलं, हा माणूस आता कुठे आहे? मी म्हटलं, समुद्राकाठी जातोय. ती म्हणाली, "हाउ लव्हली."

३० जानेवारी

आज घरूनच काम होतं. दुपारी कॉलवर होते तर सान्वी खालून ओरडली, "आई, कोणतरी ओल्ड काका दारावर उभी आहे!" फोनवर डोअरबेलचा कॅमेरा उघडला. मेश्रामकाका. तोच सूट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, पायाशी बॅग. स्टेशनला जाताना वाट वाकडी करून पिनरला आलेले. पत्ता कुठून मिळवला देव जाणे.

जिन्यात येऊन सान्वीला खूण केली, उघडू नकोस. एकदा आत आले की हॉल, हॉल, हॉल. काय सांगणार होते मी? ती माझ्याकडे बघत राहिली आणि वर निघून गेली. मी कॉल म्यूट करून कॅमेऱ्यात बघत बसले. त्यांनी दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही. खाली रचलेल्या विटांवर बसून राहिले. पाऊस बारीक होता. बिल्डरचा एक माणूस गॅरेजमधून बाहेर आला आणि त्यांना चहा देऊन गेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून प्यायला. मग कप बागेच्या नळाखाली विसळला आणि परत विटांवर पालथा ठेवला.

मग ते उठून कॅमेऱ्याजवळ आले. त्यांना वाटलं असावं की बेलमध्ये निरोप ठेवता येतो. म्हणाले, "आगाशेबाई, तुम्ही कामात असाल. ह्यात तुमचा कप आहे. तिकडं एकट्याच्या घरात पडून राहील, म्हणून आणला. जपून ठेवा. नवीन हॉल उघडला की पहिला चहा ह्याच कपात, आणि तो तुमच्या हातानं द्रौपदीला द्यायचा. मग ती बोलेल माझ्याशी. येतो. जय भीम."

पाच मिनिटं थांबून दार उघडलं. वर्तमानपत्र ओलं झालं होतं, कप मात्र शाबूत. बशीही होती. आई मागे येऊन उभ्या राहिल्या. "कुणाचा गं?" मी सांगितलं, टोब्रुक हाउसच्या मेश्रामांचा. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि गॅरेजमध्ये नेऊन बिल्डर लोकांच्या कपांत ठेवला.

बरंच झालं. उद्यापासून प्लास्टरवाला वाढतोय, एक कप कमीच पडत होता.